आईच्या गाठीचा कौल

आमच्या घरातल्या महत्त्वाच्या वस्तू दोन ठिकाणी सापडत: लोखंडी कपाटात आणि आईच्या ब्लाउजात. कपाटात रेशनकार्ड, बाबांचं आयटीआयचं सर्टिफिकेट आणि कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आलेली, कधीच न वापरलेली सहा सरबताची ग्लासं होती. बाकीचा सगळा संसार ब्लाउजात, डाव्या बाजूला. चेनचं छोटं पाकीट, मोबाइल, घराची किल्ली, मिरची कुटायच्या गिरणीची पावती, खोकल्याची गोळी आणि भाजीवाल्याने सुट्ट्यांऐवजी दिलेली दोन चॉकलेटं. आई घरी मालवणी मसाला करून विकायची आणि तिच्या मते धंदा करणाऱ्या बाईचे दोन्ही हात मोकळे हवेत. फोन वाजला की तो नेमका कुठे वाजतोय हे पाहुण्यांना कळायचं नाही. ते सोफ्याच्या उशा उचलून बघत. मला बारावीत याची इतकी लाज वाटायची की मैत्रिणी आल्या की मी आईला आधीच सांगायची, "प्लीज, त्या असेपर्यंत काही बाहेर काढू नकोस." आता मी स्वतः बाजारात जाते तेव्हा किल्ली कुठे ठेवते ते विचारू नका.

मुलुंडच्या त्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही चार माणसं होतो. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर लोकांच्या इमारतींत लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून काम करायचे, आणि आमच्या इमारतीची लिफ्ट मात्र वर्षातून आठ महिने बंद, कारण तिचं काम दुसऱ्या कंपनीकडे होतं आणि बाबा "त्यांच्या कामात आपण हात घालायचा नाही" या तत्त्वाचे. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन आली ती आमच्याकडेच राहिली. इतकी वर्षं मुंबईत राहूनही ती मालवणीच बोलायची, आणि आई लालबागला वाढलेली म्हणून तिला "मुंबयची मडम" म्हणायची. दोघींचं रोजचं भांडण मसाल्यातल्या मिठावरून. आई मिरच्या भाजायला घेई, सगळा मजला शिंकायला लागे, आणि त्या शिंकांच्या मधून आत्याचा आवाज येई, "सुलू, मीठ जास्त पडलाहा!" आई म्हणायची, "वन्सं, अजून टाकलंच नाही." तरी आत्याचं म्हणणं बदलायचं नाही.

एका दुपारी आई मसाल्याची पाकिटं भरून झाल्यावर आंघोळीला निघाली. नेहमीप्रमाणे ब्लाउज रिकामा करायला लागली. पाकीट, मोबाइल, किल्ली, गोळी असं एकेक काढून माझ्या पुस्तकावर ठेवत गेली. मग थांबली. पुन्हा चाचपलं.

"मने, माझं काही राहिलंय का गं आत?"

"मला काय माहीत? तुझं कपाट आहे ते."

"सगळं काढलं तरी काहीतरी हाताला लागतंय."

तिला खरंच वाटलं की एखादी सुपारी अस्तरात अडकली आहे. तिने ब्लाउज काढून झटकला, उलटा केला, शिवण तपासली. सुपारी पडली नाही, कारण ती ब्लाउजात नव्हतीच. मग तिने माझा हात धरून तिथे ठेवला. "तुझं बायोलॉजी आहे ना, बघ." माझं बायोलॉजी म्हणजे बेडकाच्या आकृतीला नावं देण्यापुरतं. पण बोटांना कळलं. कडक, ओबडधोबड, काळ्या वाटाण्याहून जरा मोठं, आणि दाबलं तर जागचं फारसं न हलणारं. "दुखतंय?" मी विचारलं. आई म्हणाली, "अजिबात नाही. दुखत नाही म्हणजे बरंच असेल." मीही मान हलवली. आज आठवलं की अंगावर काटा येतो. न दुखणं हे चांगलं लक्षण आहे असं आम्हा दोघींना अगदी मनापासून वाटलं होतं.

आईने मला शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. मी ती शपथ दीड दिवस पाळली. मग समोरच्या खोलीतल्या साळवेकाकूंकडे गेले. काकू पालिकेच्या दवाखान्यात सिस्टर होत्या. माहेर जालन्याकडचं, आवाज असा की जिन्यात कुजबुजल्या तरी तळमजल्याला कळावं. त्यांच्या घरात शिरल्या शिरल्या बुद्धाची मूर्ती आणि तिच्या शेजारी फ्रेम केलेलं नर्सिंगचं सर्टिफिकेट. दोन्ही रोज पुसून लख्ख. माझं ऐकून त्या म्हणाल्या, "तुझी आई एकटी बोलावली तर येणार नाही. सगळ्या मजल्यालाच बोलावते." आणि रविवारी सकाळी त्यांनी खरोखर सगळ्या बायकांना आमच्या दारासमोरच्या पॅसेजमध्ये गोळा केलं. समोर परात, परातीत मळलेल्या कणकेचे पाच मोठे गोळे. आमच्याच घरातली कणीक होती ती, कारण काकूंनी माझ्याकडून मागवली होती. एका गोळ्यात त्यांनी सुका काळा वाटाणा दडवला होता.

"कुठल्या गोळ्यात आहे ते शोधा," काकू म्हणाल्या. "चिमटीत धरून नाही. तीन बोटांची पेरं सपाट ठेवायची आणि गोल गोल फिरवत जायचं. वरून दाबायचं, मग जरा खोल, मग आणखी खोल. काखेपर्यंत जायचं. कणकेला काख नसते, ती आपण समजून घ्यायची."

बायका हसून हसून बेजार झाल्या. कुणी म्हणाली माझी कणीक सैल आहे, कुणी म्हणाली ह्या वयात सगळ्यांचीच सैल होते. आत्या दारात उभी राहून बघत होती. "कणकेचे कसले लाड गे ते?" पण काकू हसत हसत सगळं सांगत गेल्या. गाठ लागली तर बघायचंच, पण नुसती गाठच नसते. कातडीला खळी पडते, नाहीतर ती संत्र्याच्या सालीसारखी होते. बोंड आत ओढलं जातं, त्यातून रक्तासारखा स्राव येतो. एका बाजूचा आकार बदलतो, काखेत गोळा येतो. "दहातल्या बहुतेक गाठी साध्या असतात," काकू म्हणाल्या, "पण साधी आहे हे आपण ठरवायचं नाही, डॉक्टरने ठरवायचं. आणि दुखत नाही म्हणून घरी बसायचं नाही, कळलं का, सुलभाताई?" सगळा मजला हसत होता, आणि आई एकटी हसायची थांबली. मग काकू तिला हळूच आमच्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि दार लोटून घेतलं.

त्या गोंधळात कणकेचे गोळे कुणीतरी आमच्याच ओट्यावर नेऊन ठेवले आणि आत्याने त्यांच्या चपात्या केल्या. दुपारी बाबा जेवायला बसले, काळ्या वाटाण्याची उसळ आणि चपाती. तिसऱ्या घासाला कडकन आवाज आला. उसळीतला वाटाणा शिजलेला होता, चपातीतला नव्हता. बाबांची दाढ अर्धी तुटली. या सगळ्या प्रकरणात आमच्या घरातलं पहिलं ऑपरेशन बाबांचं झालं.

काकूंच्या दवाखान्यातून आईला मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे आधी हाताने तपासणी, मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. मॅमोग्राफीहून बाहेर आल्यावर आई म्हणाली, "पुरी दाबायच्या यंत्रात ठेवलं होतं गं मला. वर म्हणतात, श्वास रोखा. मी म्हटलं, बाई, तो केव्हाच रोखलाय." सर्जन तरुण बाई होती, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं घाईचं पण डोळ्यांत बघून. ती म्हणाली, गाठीची कड वेडीवाकडी दिसते आहे, सुईने आतला छोटा तुकडा काढून तपासायला हवा. तारीख मिळाली. त्या तारखेआधी घरात सांगावं लागणार होतं.

सांगायचं काय, हाच प्रश्न होता. आमच्या घरात त्या अवयवाला शब्दच नव्हता. जेवताना आईने "मला गाठ आलीय" एवढं सांगितलं. बाबांनी विचारलं, "कुठे?" आईने हाताने अशी काही दिशा दाखवली की बाबांनी वळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. कळल्यावर ते लालबुंद झाले आणि पाणी प्यायले. कामावर त्यांनी "मिसेसच्या पाठीचं" म्हणून रजा टाकली. आत्या नुसतं "थंयसर", म्हणजे "तिथे", म्हणायची. नातेवाइकांच्या ग्रुपवर "आतमध्ये जरा त्रास" असं गेलं आणि मग हळदीचा पूर आला. कच्ची हळद, वाळलेली हळद, हळदीच्या गोळ्या, हळदीचं लोणचं. बाबांच्या एका चुलतभावाने ताकीद दिली की सुई लावली की गाठ सगळीकडे पसरते, त्यांच्या शेजारणीच्या जावेचं तसंच झालं. साळवेकाकूंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला सुनावलं, "सुईने पसरत नाही हो. सुई लावायला उशीर करतात त्याने पसरते. तुम्ही लोणचं पाठवा, सल्ला नको."

पण खरी अडचण आत्या होती. "देवाक विचारल्याशिवाय अंगाक सुई लावूची नाय," ती म्हणाली, आणि भाताचं पातेलं पुढे ढकललं. ती जेवत नाही म्हटल्यावर बाबांचा घास अडला. आमच्या गावी, मालवणच्या पलीकडे, कुठलंही मोठं काम करायचं तर ग्रामदेवाला कौल लावतात. देवळातला पुजारी, म्हणजे गुरव, देवाच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओल्या फुलांच्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघतो. उजवीकडची कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. आमचं घर, बाबांची नोकरी, माझं बारसं, सगळं असं ठरलेलं. बाबा लिफ्टच्या वायरी न भिता हातात घेत, पण डाव्या कौलाविरुद्ध त्यांनी कधी चप्पलसुद्धा घेतली नव्हती. गुरवांच्या भावकीत नेमकं सुतक निघालं. पहिली तारीख गेली. पुढची पंधरा दिवसांनी मिळाली. त्या पंधरा दिवसांत आई बोलता बोलता मध्येच हात डाव्या बाजूला नेई, आणि ती किल्लीच शोधतेय असं आम्हाला वाटावं म्हणून किल्ली काढून पुन्हा ठेवी. मी तिची मुलगी, मला कळत होतं की ती किल्ली शोधत नाही. मला आत्याचा भयंकर राग आला होता. देवाचाही आला होता, पण तो त्या घरात बोलून दाखवायची सोय नव्हती.

दुसऱ्या तारखेच्या सकाळी दहा वाजता बाबांचा फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि देवळाशी व्हिडिओवर जोडणी झाली. एक वाजता आईची सुईची वेळ होती. साळवेकाकू रजा टाकून, पर्स काखेत मारून, बाहेरच्या खुर्चीत बसल्या होत्या. फोनमध्ये गाभारा, देव, गुरवकाकांची पाठ आणि मागे सात-आठ गावकरी. गुरवकाकांनी आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गावकरी म्हणाले. आमच्या खोलीत आत्या आणि बाबाही म्हणाले.

"आज तुझ्या लेकरान तुझ्या पायाकडे इचार घातलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या पोटात जी काय गाठ झालेली आसा..."

"व्हय म्हा—"

"पोटात नाही!" आई ओरडली.

गाऱ्हाणं थांबलं. गुरवकाका वळून फोनजवळ आले. त्यांचं नुसतं कपाळ दिसत होतं. "खय मगे?"

बाबांनी घसा खाकरला. "जरा वर."

"वर म्हणजे? घशात?"

"मदी, मदी," आत्या म्हणाली.

"जरा डावीकडे," बाबा म्हणाले. "म्हणजे मधोमध नाही. वरच्या आणि खालच्या मध्ये, पण डावीकडे."

"बाबल्या," गुरवकाका वैतागले, "ह्या देवाचा काम आसा, लिफ्ट न्हय. वर, खाली, डावीकडे काय करतस? देवाक नीट सांगूक व्हया, नायतर कौल चुकतलो."

बाबांनी आत्याकडे बघितलं. आत्याने पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघितलं. मी बायोलॉजीवाली, पण मीही तांदळाच्या डब्याकडे बघितलं. आणि मग आई उठली, डब्याला टेकवलेला फोन हातात घेतला आणि तोंडासमोर धरला.

"गुरवकाका, नमस्कार. माझ्या डाव्या स्तनात गाठ आहे. कॅन्सर आहे की नाही ते बघायला आज सुई घालून तुकडा काढणार आहेत. असला तर ऑपरेशन करणार आहेत. करू की नको, एवढंच विचारा."

देवळात एका म्हाताऱ्याने टोपी काढून पुन्हा घातली. मग गुरवकाकांनी देवाकडे तोंड केलं आणि आईचं वाक्य जसंच्या तसं, गाऱ्हाण्याच्या चालीत, गाभारा दुमदुमेल अशा आवाजात देवाला ऐकवलं. आणि सात-आठ बापये एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

बाहेरच्या खुर्चीत साळवेकाकूंनी पर्स तोंडावर धरली होती. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला त्या वेळी कळलं नाही. पुढे विचारलं तर म्हणाल्या, दोन्ही.

कळ्या लावल्या आणि आम्ही वाट बघायला लागलो. साडेदहा वाजले. अकरा. कळी हलेना. फोनची बॅटरी संपत आली म्हणून चार्जरला लावला. बाबा मधूनच स्क्रीनजवळ जाऊन म्हणत, "हलली, हलली," आणि ती माशी निघे. आत्याने घावणे केले, आम्ही ते नारळाच्या रसाशी खाल्ले, आई सोडून, कारण काकूंनी तिला सकाळी पेजच दिली होती. साडेअकरा. गुरवकाकांनी सांगितलं, कधी कधी देव संध्याकाळपर्यंत घेतो. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "सुलभाताई, रिक्षा थांबलीय. आज नाही तर पुन्हा पंधरा दिवस."

"कौल पडल्याशिवाय उंबरठो ओलांडूचो नाय," आत्या म्हणाली. आवाज चढवून नाही, अगदी घाबरलेल्या आवाजात.

आई फोनसमोर बसली, वाकून नमस्कार केला. "देवा, तू सावकाश विचार कर," ती म्हणाली. "तुला घाई नाही. मला एकची वेळ दिलीय." आणि उठून चपला घातल्या. बाबा एकदा आत्याकडे, एकदा आईकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मी खाली लिफ्ट सुरू आहे का बघतो." लिफ्ट बंद होती. तरी ते आमच्याबरोबर रिक्षापर्यंत आले आणि रिक्षात बसलेही. बाबांचा फोन तसाच चालू ठेवून घरी देवासमोर कुणीतरी बसायला हवं म्हणून आत्या राहिली.

इस्पितळात आईला आत नेण्याआधी तिने ब्लाउज रिकामा केला. पाकीट, किल्ली, खोकल्याची गोळी, मोबाइल, सगळं माझ्या ओढणीत. "सांभाळ," म्हणाली, "आणि या कपाटाचं दार लावून घे." आत ती आणि काकू गेल्या. बाबा चहाच्या टपरीवर जाऊन चहा न पिता परत आले, पुन्हा गेले. मी बाकावर ओढणी मांडीवर घेऊन बसले होते आणि ओढणी वाजायला लागली.

"मने, गुरव बोलतंय. तुमचो व्हिडिओ मघाशीच बंद झालो, नेटवर्क गेला वाटता. म्हणान हय फोन केलंय." ते थांबले. "चेडवा, कौल डावो पडलो."

समोरच्या दारावरचा लाल दिवा पेटलेला होता. आत आईला सुई लावत होते. मला आठवतं, मी खूप शांतपणे म्हणाले, "बरं काका, सांगते सगळ्यांना." फोन बंद केला. बाबा तिसऱ्यांदा टपरीवरून परतले. "कुणाचा फोन?" त्यांनी विचारलं. मी माझ्या आयुष्यात त्याआधी फक्त मार्कांबद्दल खोटं बोलले होते. मी म्हणाले, "गुरवकाकांचा. उजवा कौल पडला." बाबा मटकन बाकावर बसले आणि डोळे पुसायला लागले. त्यांना रडताना बघून मला वाटलं, आता आपली वाट लागली. आई बरी झाली नाही तर ती माझ्यामुळे.

घरी आल्यावर आत्या देवासमोर नाही, ओट्याशी होती. मी तिलाही सांगितलं, उजवा. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "बरा झाला," म्हणाली, आणि नारळ फोडायला घेतला.

आठवड्याने रिपोर्ट आला. कॅन्सरच होता, पण लहान आणि लवकर सापडलेला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन आकृत्या काढल्या. एक मार्ग, फक्त गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढायचा आणि मग काही आठवडे रेडिएशन. दुसरा, पूर्ण स्तन काढायचा. दोन्ही वेळी काखेतल्या ग्रंथी तपासायच्या. एवढ्या लहान गाठीत दोन्हींनी आयुष्य सारखंच वाचतं, त्या म्हणाल्या. केमो लागेल की नाही ते काढलेली गाठ तपासल्यावर ठरेल. आणि ही गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढणारी आहे, तेव्हा पुढे काही वर्षं रोज एक गोळी. बाबांनी वहीत सगळं लिहून घेतलं आणि त्यांना कळेल अशा भाषेत विचारलं, "म्हणजे मॅडम, नुसता पार्ट बदलायचा की अख्खी केबिन काढायची?"

"मी लिफ्ट नाही," आई म्हणाली.

"आणि ठरवायचं त्यांनी आहे," डॉक्टर म्हणाल्या, "मेकॅनिकने नाही."

आईने एक रात्र घेतली आणि फक्त गाठ काढायचं ठरवलं. कारण विचारलं तर म्हणाली, "मोबाइल कुठे ठेवू मग?" ऑपरेशन झालं, काखेत काही निघालं नाही, केमो टळली. रेडिएशनला ती रोज मसाल्याची दोन-चार पाकिटं घेऊन जायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. त्या विभागातल्या सगळ्या टेक्निशियनच्या घरी आमचा मसाला गेला. त्या बाजूची कातडी काळवंडली तेव्हा पाकीट उजवीकडे गेलं. पण हात सवयीने आधी डावीकडेच जाई, आणि तिथे काही नाही म्हटल्यावर ती एकटीच हसे. ती रोजची गोळी मात्र आत्या द्यायची. सकाळी आठला, पाणी समोर धरून, गिळेपर्यंत उभी राहून.

माझं खोटं माझ्याकडेच राहिलं. आईला साधा ताप आला तरी मला डावी कळी दिसायची. आता दर वर्षी मी मॅमोग्राफीला जाते, आईमुळे मला लवकर सुरू करायला सांगितलेली, आणि त्या पुरीच्या यंत्रात श्वास रोखून उभी असताना हमखास गुरवकाकांचा आवाज ऐकू येतो. बऱ्याच वर्षांनी, आत्या अंथरुणाला खिळली आणि आई तिला चमच्याने पेज भरवायला लागली, तेव्हा मला राहवेना. आई गिरणीत गेली होती. मी आत्याजवळ बसले आणि सांगून टाकलं. "आत्या, तो कौल डावा होता. मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलले."

आत्याने डोळे उघडले. "माका म्हायत आसा."

"कसं?"

"माझ्या डोळ्यांदेखत पडली ती कळी. नेटवर्क खय गेला होता? ता लाल बटण मीच दाबलंय."

जी त्या दिवशी उंबरठा ओलांडू देत नव्हती, तीच ही. "मग तू बोलली का नाहीस?"

"तू उजवो म्हणालंस, माका बरा वाटला." ती दमली, थांबली. दर वर्षी जत्रेला आत्या देवाला पाच नारळ पाठवायची, आणि आम्ही समजायचो की आईच्या बरं होण्याचा नवस आहे. "ते नारळ नवसाचे न्हय," ती म्हणाली. "माफीचे. देव रागावलो तर नारळ देऊन समजावता येता गे. सुलू गेली असती, तर ती परत खयसून हाडूची होती?"

मी तिच्या हातावर डोकं टेकवून रडले. तेवढ्यात दार वाजलं. आई धापा टाकत आत आली, तीन जिने चढून, कारण लिफ्ट बंदच होती. ब्लाउजातून किल्ली काढून खुंटीला लावली, पिशवी खाली ठेवली आणि आम्हा दोघींकडे बघितलं.

"काय चाललंय दोघींचं?"

"काय नाय," आत्या म्हणाली. "मसाल्यात मीठ जास्त पडलाहा, ता सांगत होतंय."

"वन्सं," आई म्हणाली आणि तिची पेज गरम करायला वळली, "अजून टाकलंच नाही."